एकाने काय बुडतंय

माझे थोरले दीर काटे दुरुस्त करतात. पायात रुतणारे नव्हे, वजनाचे. खाली त्यांचं दुकान आणि वर आमची दोन बिऱ्हाडं. एक त्यांचं आणि जाऊबाईंचं, दुसरं आमचं तिघांचं. धाकटे भाऊजी बायको आणि मुलाला घेऊन दोन गल्ल्या सोडून राहतात. थोरल्या दिरांना सगळे दादा म्हणतात, म्हणून मीही दादा म्हणते. तोंडावर. पाठीमागे मी त्यांना बरीच वर्षं 'पासंग' म्हणत असे. काट्याची पारडी सारखी नसली की हलक्या बाजूला जो खडा बांधतात, तो पासंग. घरात चार माणसं खुशीत दिसली की हे दुसऱ्या पारड्यात जाऊन बसणार, असं माझं मत होतं आणि ते मी कुणापासून लपवलं नव्हतं.

दुकानात उजेड कमी, तेलाचा वास जास्त. बाजारातल्या प्रत्येक काट्यावर दरवर्षी सरकारी शिक्का लागतो. त्याआधी तो दादांच्या हाताखालून जातो. दुकानदार म्हणतात, वीस ग्रॅमनं काय होतंय, द्या ना तसाच. दादा वाद घालत नाहीत. पेचकस घेऊन काटा पुन्हा उघडतात. चाळीस वर्षं असं वाकून वाकून त्यांची पाठ आता उभं राहिल्यावरही वाकलेलीच असते.

अकरा वर्षांपूर्वी गावाबाहेरच्या तलावावरचा बोट क्लब बंद पडला आणि तिघा भावांनी मिळून तिथली एक होडी घेतली. पांढरी, निळ्या पट्ट्याची, मागे इंजिन. कल्पना धाकट्या भाऊजींची, होकार माझ्या नवऱ्याचा. नोंदणीच्या टेबलावर कारकून म्हणाला, मालक म्हणून एकच नाव लिहा. तेव्हा हे दोघे भाऊ खिडकीबाहेर बघायला लागले आणि दादांनी सही केली. भागीचं घोडं किवणानं मेलं, म्हणतात. घोडं सगळ्यांचं असलं की त्याची जखम कुणीच धूत नाही. आमचं घोडं मेलं नाही, कारण दादा धूत होते.

होडीच्या मागच्या बाजूला एक पत्र्याची पाटी आहे: 'माणसे ६, वजन ४५० किलो'. यातलं जे आधी भरेल तिथे थांबायचं. दुसऱ्या कुणी ती पाटी एकदा वाचून सोडून दिली असती. दादांकडे तर आख्खं दुकानच वजनाचं. तलावावर जायच्या दिवशी सकाळी सगळ्यांनी खाली दुकानात यायचं आणि मोठ्या प्लॅटफॉर्म काट्यावर एकेकानं उभं राहायचं. डबे, पाण्याच्या बाटल्या, सगळं काट्यावर. दादा आकडे एका वहीत उतरवणार. माझी धाकटी जाऊ चपला काढून आणि श्वास रोखून उभी राहायची. श्वास रोखल्यानं वजन कमी होत नाही, हे दादांनी तिला दर वेळी सांगितलं आणि दर वेळी तिनं तो रोखला.

वजनाचं झालं की सामान. प्रत्येकाला अंगाच्या मापाचं लाइफ जॅकेट, आणि ते मांडीखाली नाही, अंगात, पट्टे लावून. शिट्टी, वल्ही, दोर बांधलेलं तरंगतं कडं, पाणी उपसायला डबा, आग विझवायचं लाल नळकांडं आणि त्यावरची तारीख. इंजिन बंद पाडणारी लाल दोरी चालवणाऱ्याच्या मनगटाला, म्हणजे तो पाण्यात पडला तर होडी त्याच्याशिवाय पुढे जाणार नाही. दर उन्हाळ्याआधी दादा गच्चीवर पिंप भरून प्रत्येक जॅकेटला सात किलोचं लोखंडी वजन बांधून पाण्यात टाकत. तरंगलं तर पास. एकदा एक बुडालं. माझा नवरा म्हणाला, चांगलं दिसतंय की अजून. दादांनी त्याचे पट्टे कापले, कुणी चुकून घालू नये म्हणून, आणि नवीन आणलं.

आणि दर वेळी धक्क्यावर तीच कटकट. कुणीतरी शेजारीपाजारी, मित्रबित्र आलेला असायचा आणि धाकटे भाऊजी म्हणायचे, "दादा, बसू दे ना. एकाने काय बुडतंय?"

दादा म्हणायचे, "तेच बघायचं नाहीये मला."

एवढंच. आवाज चढवून नाही, दमल्यासारखं. मग तो मित्र पडलेल्या तोंडानं काठावर उभा राहायचा आणि आमच्या सहलीवर विरजण पडायचं. पालथ्या घड्यावर पाणी ओतून ओतून ज्याचे हात भरून आलेत, असा तो आवाज होता. आम्ही घडा होतो, हे मला तेव्हा कळलं नाही.

माझा राग निराळा होता. एका सुट्टीत माझा भाऊ आला होता, अंगानं चांगला भरलेला. माणसं सहाच होती, पण काट्यावर आकडा गेला चारशे ऐंशीच्या वर. दादांनी वहीकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाले, पाहुण्याला तर उतरवता येणार नाही, तू या फेरीला थांबतेस का? माझ्या माहेरच्या माणसासमोर! मी थांबले आणि पुढे चार महिने त्यांच्याशी बोलले नाही. त्या दिवशी काठावर जाऊबाईंनी झाडाखाली सतरंजी घातली होती. दोघांपुरती दुमडलेली. मला बघून त्यांनी ती उलगडली. मी पाठ करून बसले.

गेल्या उन्हाळ्यात भाऊजींचा फोन आला. ऑफिसातले पाहुणे आलेत, तलावावर जायचंय, दादांना सांगू नका, उगाच काटा काढून बसतील. आणि हो, एक जण जास्त होतोय, चालेल ना?

दादा बाजारात काटे तपासायला गेले होते. होडीची किल्ली दुकानात खिळ्याला होती. माझ्या मुलीलाही जायचं होतं. मी किल्ली काढली, तिच्या हातात दिली आणि फोनवर म्हणाले, "न्या हो. एकाने काय बुडतंय."

हे मीच म्हणाले.

एक जास्त नव्हता, दोन होते. भाऊजी, त्यांची बायको, मुलगा, माझी मुलगी आणि चार पाहुणे. आठ माणसं आणि सहा जॅकेटं. लाल दोरी खिळ्यालाच राहिली होती. तिच्याशिवाय इंजिन सुरू होत नाही म्हणून भाऊजींनी तिथे सुतळी गुंडाळून काम भागवलं. तलावाच्या मध्यावर वारा सुटला, मागून पाणी आत यायला लागलं, इंजिन भिजून बंद पडलं. उपसायच्या डब्यात कुणीतरी खाण्याची पाकिटं भरून ठेवली होती. गस्तीच्या बोटीला ते दिसले म्हणून. ती पोचली तेव्हा होडीत गुडघाभर पाणी होतं.

मुलगी घरी आली ती कुणाचं तरी जाड कांबळं पांघरून. दात वाजत होते. मी तिचे केस पुसत विचारलं, जॅकेट होतं ना अंगात? ती म्हणाली, "पाहुण्यांना दिलं. काकू म्हणाल्या, आपण घरचे, आधी पाहुण्यांना."

तिला पोहता येत नाही. काकूला तरी काय बोलणार? किल्ली मी दिली होती.

नोटीस आली ती दादांच्या नावानं. नाव त्यांचं, होडी त्यांची. दादांनी दुकान बंद ठेवलं आणि कार्यालयाच्या बाकावर अर्धा दिवस बसले. साहेबांनी त्यांच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान असूनही त्यांना नियम वाचून दाखवले. जे नियम दादांना पाठ होते, ते. होडी दोन महिने बंद, आणि मालकानं सुरक्षेच्या वर्गाला बसून परीक्षा द्यायची. किल्ली कुणी दिली, असं दादांनी घरात कधीच विचारलं नाही. त्या दुपारी घरात जाऊबाई नव्हत्या, माझा नवरा कामावर होता. विचारायची गरजच नव्हती. मी मनात उत्तर तयार करून ठेवलं होतं, रोज थोडं बदलत होते, आणि ते काही विचारत नव्हते. ओरडले असते तर बरं झालं असतं.

आठवड्यानं त्यांनी सगळ्यांना वर बोलावलं. खुर्चीत बसले, चष्मा काढला, डोळे चोळले.

"माझं नाव काढा त्या होडीवरनं," ते म्हणाले. "आता नाही होत माझ्याच्यानं."

भाऊजी म्हणाले, विकून टाकू. त्यांच्या मुलानं लगेच तोंड वाकडं केलं. माझा नवरा म्हणाला, विकायची कशाला, तुझ्या नावावर घे. भाऊजी म्हणाले, माझ्यावर आधीच ताशेरे आहेत, तू घे. माझा नवरा म्हणाला, माझी फिरतीची नोकरी. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. दोघेही पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागले. अकरा वर्षांत खिडकी बदलली, बघणारे तेच.

मी म्हणाले, माझ्या नावावर करा.

सगळे हसले. दादा हसले नाहीत. ते उठले, खाली दुकानात गेले आणि परत येऊन ती वही माझ्यासमोर ठेवली.

वर्ग सहा रविवार होता. बाकांवर सगळे पुरुष. मी एकटी बाई, तीही पन्नाशीची. शिकवणाऱ्यानं विचारलं, बुडणाऱ्यांपैकी बहुतेकांची जॅकेटं कुठे सापडतात? कुणी म्हणालं पाण्यात, कुणी म्हणालं काठावर. तो म्हणाला, होडीत, बाकाखाली, घडी घालून. मला वर्ग सोडून जावंसं वाटलं. गेले नाही. समोरासमोर दोन होड्या आल्या तर दोघींनीही आपापल्या उजवीकडे वळायचं. निघण्याआधी काठावरच्या एका माणसाला सांगून जायचं की कुठे चाललो आणि कधी परतणार. वेळेत परतला नाहीत तर त्यानं कळवायचं. काठावर एक माणूस हवाच, असं तो दोनदा म्हणाला.

त्या रात्री मी वही उघडली. अभ्यासासाठीच. तारीख, वारा कसा होता, माणसं कोण, वजन किती, निघाले कधी, परतले कधी. एकशे सात फेऱ्या. माझं नाव, माझ्या नवऱ्याचं, मुलीचं, धाकट्या तिघांचं. आम्ही सहा जण. होडीही सहा जणांची. मी पानं उलटत गेले, मग पुन्हा पहिल्यापासून उलटली. दादांचं नाव कुठेच नव्हतं. जाऊबाईंचंही नव्हतं. घरात माणसं आठ, पाटीवर सहा, आणि ते दोन कुठे जातात हे अकरा वर्षांत आमच्यापैकी एकानंही मोजलं नव्हतं. पाहुणे आल्यावर एखाद्या फेरीला थांबावं लागलं तर मी चार महिने अबोला धरला. तपासणीच्या वेळी दादा काय ते होडीत बसत, धक्क्याला बांधलेल्या होडीत, सामान मोजायला.

मी त्यांना पासंग म्हणत होते. त्यांच्या पासंगालाही मी पुरले नसते.

सकाळी मी जाऊबाईंना विचारलं, तुम्हाला कधी बसावंसं वाटलं नाही? त्या म्हणाल्या, वाटायचं की. पण हे म्हणायचे, पोरांना जाऊ दे, पुढच्या वेळी बसू.

होडी पुन्हा पाण्यात गेली त्या रविवारी मी सगळ्यांना दुकानात बोलावलं. आधी जाऊबाईंना काट्यावर उभं केलं. मग दादांना म्हटलं, तुम्ही या. ते म्हणाले, माझं कशाला? मी म्हटलं, मालक विचारतोय. ते आले. आयुष्यभर काट्याच्या बाजूला उभा राहिलेला माणूस काट्यावर चढला तेव्हा हात कुठे ठेवावेत हे त्यांना कळेना. काटा पंचावन्नवर थांबला. मला वाटलं होतं, जास्त भरतील.

धक्क्यावर मी एकेकाचे पट्टे ओढून बघितले. नवरा इंजिनाशी, मनगटाला लाल दोरी. दादा, जाऊबाई, माझी मुलगी, धाकटी जाऊ, तिचा मुलगा. सहा. मी आणि भाऊजी काठावर.

भाऊजी मला म्हणाले, "वहिनी, तुम्ही तरी बसा. एकाने काय..."

पुढचा शब्द त्यांनी गिळला. मी घड्याळ बघितलं आणि वहीत निघायची आणि परतायची वेळ लिहिली.

होडी गेली. मी पहिल्यांदाच काठावरून ती जाताना नीट बघितली. किती लहान दिसते. उभं राहून पाय दुखायला लागले, पण बसवेना. वारा जरा हलला तरी मी पुन्हा घड्याळ बघायचे. एका फेरीत माझी ही गत. त्यांनी अशा एकशे सात फेऱ्या बघितल्या होत्या आणि वर आमची तोंडंही बघितली होती.

ती परत वळली तेव्हा इंजिनाचा आवाज अगदी हळू केलेला होता. मला वाटलं, काहीतरी बिघडलं. मग दिसलं. दादा मधल्या बाकावर बसल्या बसल्या झोपले होते. मान जॅकेटच्या कॉलरवर टेकलेली, तोंड किंचित उघडं. जाऊबाईंनी मला ओठांवर बोट ठेवून दाखवलं. नवऱ्यानं हातानं विचारलं, लावू का धक्क्याला?

मी हात केला, अजून एक फेरी मार. आणि वहीत परतायची वेळ खोडून पुढची लिहिली.