रेघेखालची कुटुंबं

एचआरमध्ये राहिलं की किस्से साठत जातात. पूर्वी चहाला रंगवून सांगायचो, हल्ली जीव होत नाही.

महाड एमआयडीसीतल्या आमच्या केमिकल कंपनीत कामगारांचे नवे गट पाडायला पुण्याहून सल्लागार मॅडम आल्या. कामांच्या लांबलचक यादीपुढे प्रत्येकाने शून्य ते पाच आकडा लिहायचा, कुठलं काम किती वेळा करतो त्याचा. ज्यांचे आकडे जुळतील त्यांना कॉम्प्युटर एका 'कुटुंबात', म्हणजे एका गटात, टाकणार.

*

पहिल्या फेरीत बॉयलरवाला, कॅन्टीनचा आचारी आणि माळी एकाच कुटुंबात! पोलादपूरच्या बसमध्ये सगळ्यांनी एकाचाच फॉर्म उतरवला होता.

"कोनाला कमी नको, कोनाला जास्ती नको," आचारी म्हणाला. "एका गाडीतली मानसं आमी!"

*

दुसऱ्या फेरीत स्टोअरकीपरने सगळीकडे पाच लिहिले, रिअ‍ॅक्टर चालवण्यापुढेसुद्धा!

"शून्य लिवलं तर मी काय करतच नाय असं वाटंल ना!"

तो घाबरला होता. नोकरी जाईल म्हणून सगळेच घाबरले होते.

*

शेवटी मॅडमनी कुटुंबांचं झाड भिंतीवर लावलं. खाली सुटी कामं, वर जुळत गेलेल्या फांद्या. "आडवी रेघ कुठे मारायची ते तुम्ही ठरवा. वर मारली तर कुटुंबं कमी, खाली मारली तर जास्त."

मॅनेजरांनी उभ्या उभ्या फूटपट्टी लावली. "सात बास. माझ्याकडे फोरमनच सात आहेत!"

*

त्या रेघेने दगडूदादा वॉचमनच्या कुटुंबात गेले. ते खाली सावित्री नदीकाठच्या तुडील गावचे, वीस वर्षं कंपनीच्या सांडपाण्याच्या टाक्यांवर. टाक्यांतलं पाणी पुढे सावित्रीत जातं. पाणी बिघडणार हे दादा नुसत्या वासावरून सांगायचे.

त्यांना लिहिता येत नाही, म्हणून फॉर्म मी भरला होता.

"काय काम करता, दादा?"

"उभा ऱ्हातो. बगतो."

मी 'देखरेख'पुढे पाच लिहिले, बाकी शून्य. वास घेणं यादीत नव्हतं, आणि मीही ते लिहिलं नाही. महिन्याभरात वॉचमनचं अख्खं कुटुंब कंत्राटदाराकडे गेलं. दादांची कायम नोकरी माझ्या हाताने गेली, याची मला लाज वाटते.

*

परवा दुपारी टाकीवर काळा फेस चढला. नवा ऑपरेटर मीटर दाखवून सगळं ठीक म्हणत होता. मॅनेजरांनी मला गेटवर पिटाळलं.

दादा कंत्राटदाराच्या निळ्या शर्टात उभे होते.

"दादा, चला ना, जरा वास घेऊन बघा!"

"त्यात काय बगायचं? सकाळपासनं येतोय वास."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं की," दादा म्हणाले. "तुडीलात फोन केला, आज गुरं नदीवर नेऊ नका म्हनून."