काटेवाले काकांच्या नावापुढील शेरा वगळण्याबाबत

अर्जदार : दत्तात्रय रामभाऊ खेडकर, वय त्रेपन्न, शिक्षण सातवी पास, धंदा अर्जलेखन (तूर्त बंद), मूळ राहणार श्रीगोंदा, हल्ली मुक्काम ॲडम्सटाउन, डब्लिनच्या पश्चिमेस.

ज्यांच्यासंबंधी अर्ज : काटेवाले काका, वय अठ्ठ्याहत्तर, निवृत्त यंत्रकारागीर, राहणार लूकन. आता हयात नाहीत.

ज्याच्याविरुद्ध : अर्जदार स्वतः.

साक्षीदार : डेक्लन, रायफल क्लबचे सुरक्षा अधिकारी. प्रसंगी समक्ष हजर, परंतु मराठी अवगत नसल्याने काय घडले ते त्यांना समजलेले नाही.

काळ : सन २०२० चा उन्हाळा ते २०२१ चा वसंत.

काका कोणतीही वस्तू प्रथम तळहातावर तोलत आणि वजन सांगत, मग ती वस्तू काय आहे ते पाहत. खिशात चष्म्याच्या घरासारखा छोटा काटा असे. आमची ओळख किराणा दुकानाबाहेरच्या रांगेत झाली. दोन मीटर अंतर राखून मी भावाशी फोनवर बोलत होतो. पुढचे उंच गृहस्थ गर्रकन वळले आणि म्हणाले, "नगरकडचा का रे तू? अजून बोल. थांबू नकोस." पिंपरीच्या कारखान्यातून ते तरुणपणी या देशात आले, येथील बाईशी लग्न केले, ती वारली, मूलबाळ नाही. येथील मराठी मुले दोन वाक्ये मराठीत बोलून इंग्रजीत पळ काढतात, अशी त्यांची तक्रार होती. त्यांचे स्वतःचे मराठी मात्र पन्नास वर्षांपूर्वीचे, घडी न मोडलेले होते.

माझी स्थिती वेगळी नव्हती. पत्नी रुग्णालयात परिचारिका. त्या साथीच्या काळात ती घरी केवळ झोपण्यापुरती येई. तहसील कचेरीबाहेर ज्याच्या टेबलापुढे पंचवीस वर्षे माणसे उभी राहिली, त्याच्याकडे येथे कोणाचेही काम नव्हते. म्हणून घरासमोरील बंद दिव्याबद्दल मी नगरपालिकेस चार पानी अर्ज लिहिला आणि मोठ्या आशेने काकांना दाखवला. काकांनी तो काट्यावर ठेवला. "वीस ग्रॅम," ते म्हणाले. "अर्जनवीस, ह्यात दिवा किती ग्रॅमचा?"

काकांना लांब पल्ल्याच्या नेमबाजीचा नाद होता आणि काडतुसे ते स्वतः भरत. या देशात ते काम घरी करता येत नाही. क्लबच्या रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या मैदानावर, एक कुलूपबंद खोली होती. नोंदणी झालेल्या सभासदाने तेथेच भरायचे आणि तेथेच झाडायचे. रेंज गाडीने दीड तासावर, पीट, म्हणजे जळणाची माती, खणून काढलेल्या काळ्या माळापलीकडे होती. काकांचा हात लिहिताना थरथरू लागला होता, माझे अक्षर मोत्यासारखे. म्हणून त्यांनी मला नोंदवही लिहायला सोबत नेले. पाहुण्याने लिहावे, परंतु कशालाही हात लावू नये, ही अट डेक्लन यांनी मला दोनदा सांगितली. मी दोनदा मान डोलावली.

"आधी गोळी, मग पावडर," हे काकांचे पहिले वाक्य. बंदुकीच्या नळीच्या आतल्या आट्यांचा पीळ जेवढी लांब गोळी पेलू शकतो, तेवढीच निवडायची. एकाच खोक्यातल्या गोळ्या ते एकेक करून तोलत आणि केसभर फरकाच्या वेगळ्या काढत. मला सगळ्या एकाच आईच्या दिसत. मग पावडर, म्हणजे बंदुकीची दारू : काडतुसाची पोकळी नीट भरणारी, फार झटपट न जळणारी, थंडीत आणि उन्हात सारखीच वागणारी. मी एकदा विचारले, "सगळ्यात जोरदार कोणती, काका?" ते म्हणाले, "जोर कोणाला दाखवायचाय? दहा गोळ्या एका जागी गेल्या पाहिजेत. रोज निराळा वागणारा माणूस मला घरात नको, तशी पावडरही नको."

एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा त्यांचा दुसरा नियम. पावडर बदलली तर गोळी तीच ठेवायची, गोळी बदलली तर पावडर तीच. दर खेपेला डब्याचे वजन वहीत लिहायचे. अशी दोन वर्षे खर्चून त्यांनी एका डब्याशी सूत जुळवले होते. "तुझ्या अर्जात सतरा तक्रारी एकदम असतात," ते मला म्हणत. "एखादी खरी निघाली तरी कुठली ते कसं कळायचं?" मला राग येई. परंतु गाडीतला तो दीड तास मी आठवडाभर आधीपासून मोजत असे.

ऑगस्टच्या अखेरीस काका डेक्लन यांच्याशी बोलायला दारापर्यंत गेले. कपाट उघडे होते. आत एकाच नावाचे, एकाच कंपनीचे दोन काळे डबे, दोन्ही अर्ध्याहून कमी भरलेले. पंचवीस वर्षे मी एका विषयाचे कागद एका फायलीत बांधत आलो आहे. मी एक डबा दुसऱ्यात ओतला, रिकामा टोपलीत टाकला, झाकण घट्ट लावले. काकांना सांगावे असे मनात होते. तोवर पावसाची सर आली, आवराआवर झाली आणि सांगायचे राहिले.

पुढच्या खेपेस काकांनी डबा उचलला आणि ते तसेच थांबले. त्यांनी तो काट्यावर ठेवला, माझ्या अक्षरातला आकडा पाहिला, मग कपाट पाहिले. डेक्लन दारातच उभे होते.

"अर्जनवीस, दुसरा डबा कुठाय?"

"एकच माल होता, काका. नाव एक, कंपनी एक. मी एकत्र केला. जागा वाचली."

"लॉट नंबर पाहिलास?"

"तो काय असतो?"

"दर घाण्याची पावडर थोडी निराळी जळते रे. एकीवर माझी दोन वर्षं गेली होती. दुसरीवर अजून एक गोळीही झाडली नव्हती. आता ही कशातच भरता येणार नाही."

"मी सांगतो साहेबांना. चूक माझी आहे."

"तू तोंड उघडू नकोस."

डेक्लन यांनी काय झाले ते विचारले. काका इंग्रजीत म्हणाले, "मी दोन लॉट एकत्र ओतले. विसरलो. वय झालं, दुसरं काय." डेक्लन म्हणाले, "ग्रँड," म्हणजे इकडच्या बोलीत ठीक आहे, "पण लिहावं तर लागेल." पावडर नष्ट करण्यात आली आणि क्लबच्या नोंदवहीत काकांच्या नावापुढे शेरा पडला : वयोमानामुळे दुर्लक्ष, यापुढे अन्य सभासदाच्या देखरेखीशिवाय भरण्यास मनाई.

परतताना मी विचारले, "मला बोलू का नाही दिलंत?"

"पाहुण्यानं हात लावला म्हटल्यावर तुला पुन्हा दारात उभं केलं नसतं. मग येता-जाता मी काय रेडिओशी बोलू?"

परंतु पुन्हा जाणे झालेच नाही. देखरेखीस कोणी मोकळे नव्हते. पुढे डब्लिनबाहेर जाण्यास बंदी आली, नंतर पाच किलोमीटरची मर्यादा. काकांचे घर त्या मर्यादेत होते. मी रोज दुपारी त्यांच्या फाटकाबाहेर उभा राही, ते आत. एके दिवशी मी त्यांना घरची नानकटाई दिली. त्यांनी ती न तोलता खिशात टाकली.

"वजन नाही सांगितलंत?" मी म्हणालो.

"माझ्या हाताचा भरवसा नाही आता. त्या डेक्लनकडं तसं लेखी आहे." मग त्यांनी खिशातली नानकटाई चाचपली. "ती पावडर तूच ओतलीस ना रे? मला हल्ली वाटतं, मीच ओतली असेन. तू आपला मला सांभाळून घेतोयस."

मी म्हणालो, "जाऊ द्या काका. झालं ते झालं."

लोकांच्या वतीने हजारो शपथपत्रे लिहिलेल्या माणसाने त्या वेळी दोन शब्द बोलायला हवे होते. ते मला जड झाले. ज्या माणसाने माझ्या सोबतीसाठी आपल्या नावाला बट्टा लावून घेतला, त्याला मी त्याच्याच डोक्याबद्दल संशयात ठेवून घरी आलो आणि जेवलो.

जानेवारीच्या थंडीत काकांचे हृदय बंद पडले. अंत्यविधीस दहाच माणसांना परवानगी होती; त्यांच्या पत्नीकडची मंडळीच दहा भरली. येथील रीतीप्रमाणे शेजारी रस्त्याच्या कडेला अंतर राखून उभे राहिले. गाडी माझ्यापुढून फार सावकाश गेली. मराठीत काही म्हणावे असे वाटले, परंतु ऐकणारे कोणी नव्हते.

या अर्जाचे इंग्रजी पत्नीने करून दिले. लिहिता लिहिता ती थांबली आणि म्हणाली, "इतके महिने गप्प का बसलात?" मी तिला पुढची ओळ वाचून दाखवली.

तरी क्लबच्या मेहेरबान समितीस विनंती की, सदर शेऱ्यातील 'वयोमान' हा शब्द खोडावा. पावडर काकांनी ओतली नाही, मी ओतली. काकांना सर्व आठवत होते आणि बरोबर आठवत होते, असे त्याच पानावर माझ्या नावानिशी लिहावे. पाहुणा म्हणून मला कायमची बंदी करावी, ती मान्य आहे. दुरुस्ती केल्याचे लेखी उत्तर कृपया वरील पत्त्यावर पाठवावे. मी घरीच असतो.