४४१७ नंबरचं पिस्तूल

शिवणयंत्रं दुरुस्त करणारी म्हणून अख्खा बाजार तिला ओळखायचा. यंत्र कुठे अडलंय, हे ती नुसत्या आवाजावरून सांगायची. वडील गेल्यावर त्यांच्या पेटीच्या तळाशी, तेलकट फडक्यात गुंडाळलेलं जुनं लष्करी पिस्तूल सापडलं. घरात दबक्या आवाजात सांगितली जाणारी गोष्ट खरी होती तर.

पणजोबा पलटणीत हत्यारं दुरुस्त करायचे. अधिकाऱ्याचं पिस्तूल चोरल्याचा ठपका ठेवून त्यांना हाकललं. पलटणीच्या छापील इतिहासात ती चोरी पणजोबांच्या नावासकट, नंबरासकट नोंदलेली होती: ४४१७. चोराचा मुलगा म्हणून आजोबांना एकाही कारखान्यानं दारात उभं केलं नाही. चुलतभाऊ म्हणाला, नदीत टाक आणि मोकळी हो.

तिनं टाकलं नाही. पोलिसांत रीतसर नोंद केली आणि कामाच्या टेबलावर पिस्तूल खोललं. नळीवर नंबर होता २०९३. सांगाड्यावर नंबरच नव्हता. घोडा तिसऱ्याच पिस्तुलाचा, आणि चाप तर कानशीनं घासून हातानं घडवलेला. तिनं भिंग लावून इंच न् इंच पाहिलं. नंबर खोडला असता तर तिथला धातू पातळ झाला असता. तसं कुठेच नव्हतं. हे पिस्तूल टाकाऊ भागांतून जुळवलेलं होतं. मग चोरीला गेलं ते कुठलं?

पोलिसांच्या परवानगीचा कागद घेऊन ती पलटणीच्या संग्रहालयात गेली. तिथले प्रमुख तसे सज्जन. भंगाराचे भाग कारागिरांना घरी न्यायची तेव्हा मुभा होती, असं त्यांनीच जुनी वही काढून दाखवलं. पणजोबांची सही होती त्यात. मग कौतुकानं म्हणाले, याच जातीचं अस्सल पिस्तूल आमच्याकडेही आहे, त्या अधिकाऱ्याच्या घराण्यानं भेट दिलेलं. तिनं ते बघायला मागितलं. काचेच्या कपाटातून त्यांनी ते काढलं, मूठ उलटी केली आणि तिथला नंबर वाचला.

४४१७.

चोरी झालीच नव्हती. पिस्तूल साहेबाच्या घरातच होतं, आणि पुढे दिमाखात इथे येऊन बसलं. आणि इतक्या वर्षांत कुणाला नंबर ताडून बघावासा वाटला नाही.

प्रमुख चाचरत म्हणाले, "घराणं मोठं आहे हो, ताई. आता एवढ्या जुन्या गोष्टी कशाला उकरायच्या?"

"जुन्या तुमच्यासाठी," ती म्हणाली. "आम्ही आजही चोराचेच आहोत. तुमच्या पुस्तकात."

तुमचं पिस्तूलही शेजारी मांडतो, 'अज्ञात कारागीर' अशी पाटी लावून, असं त्यांनी सुचवलं. ती ताडकन उठली. चोर ठरवताना नाव ठाऊक होतं, आणि कारागीर म्हणताना अज्ञात?

पणजोबांवरचा ठपका चुकीचा होता हे लिहून द्या, असे अर्ज ती पुढे सात महिने पलटणीच्या कार्यालयाकडे करत राहिली. उत्तरं यायची ती एकाच साच्यातली: विचाराधीन. शेवटी दुकानाला कुलूप लावून ती रोज त्या कार्यालयाच्या बाकावर जाऊन बसू लागली. नवव्या दिवशी पत्र मिळालं: पुस्तकाच्या पुढच्या आवृत्तीतून चोरीची ती ओळ वगळण्यात येईल. 'चूक' हा शब्द पत्रात कुठेच नव्हता, 'माफी' तर लांबच.

ते पत्र तिनं थोरल्या आत्याला वाचून दाखवलं. ऐंशी पार केलेल्या आत्यानं दोनदा वाचायला लावलं.

"ओळ वगळणार," आत्या म्हणाली. "माझे आजोबा मरेपर्यंत मान खाली घालून चालले, त्याचं काय?"

पत्राची घडी घालून तिनं पिशवीतून कोरा कागद काढला आणि तिथेच बसून पुढचा अर्ज लिहायला घेतला.