शनिवारची बोट

गुरुदत्त मिराशी बोलायला लागले की समोरच्याचा चहा निवायचा. बँकेच्या नोकरीत त्यांनी बरीच गावं पालथी घातली, पण कोलकाता त्यांना मानवलं ते बोलण्यामुळेच. इथे कोपऱ्याकोपऱ्यावर माणसं बाकावर बसून अड्डा जमवतात आणि कामधाम सोडून बोलत बसणाऱ्याला कुणी नावं ठेवत नाही, हे कळल्यावर ते बायकोला म्हणाले होते, "मीनाक्षी, आपण चुकून दुसरीकडे जन्मलो." बंगाली ते मासळीबाजारात शिकले, आयुष्यात मासा तोंडात न घालता. फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नसताना चहाच्या टपरीवर त्यांनी दोन्ही बाजूंच्या लोकांशी कडाडून वाद घातले. पुढे मुलगी नूपुर इथेच शिकली, सॉल्ट लेकमध्ये नोकरीला लागली आणि निवृत्त झाल्यावर पुण्याला परतायचा बेत आपोआप मागे पडला. बेहालातल्या त्यांच्या फ्लॅटच्या गॅलरीतून खालच्या रिक्षावाल्यापासून समोरच्या शिंप्यापर्यंत सगळ्यांशी त्यांचं बोलणं चाले.

असा माणूस एका हिवाळ्यात सकाळी दाढी करता करता बायकोला हाक मारायला गेला आणि तोंडातून नुसताच घोगरा आवाज आला.

मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी झाली होती. वेळेवर दवाखान्यात नेलं म्हणून जीव वाचला, लुळा पडलेला उजवा हातही महिन्याभरात हलायला लागला. शब्द मात्र गेले ते गेलेच. डॉक्टरांनी समजावून सांगितलं की बुद्धी शाबूत आहे, ऐकलेलं बहुतेक कळतंय, पण शब्दांपर्यंत जायची वाट बुजली आहे. उरला होता एकच शब्द. भूक लागली तरी "बरं", टीव्ही बंद कर म्हणायचं तरी "बरं", आणि आपल्याला हे म्हणायचं नव्हतं हे लक्षात आल्यावर मांडीवर मूठ आपटून पुन्हा "बरं". त्या एका शब्दाचे चढउतार मीनाक्षीला हळूहळू ओळखू यायला लागले. पाहुण्यांना ते कळत नसत. येणारे आधी मोठमोठ्याने बोलत, जणू मिराशींचे कान गेले आहेत, मग मीनाक्षीशीच बोलत, आणि मग येईनासे झाले.

आठवड्यातून दोनदा शर्मिष्ठा नावाची स्पीच थेरपिस्ट घरी यायची. मुलगी गुणी, पण मराठी तिला येत नव्हतं. ती चित्रांचे पत्ते मांडायची. छत्री, किल्ली, सफरचंद. "ये क्या है?" गुरुदत्त पत्त्याकडे बघत, मग तिच्याकडे बघत, आणि पत्ता उलटा करून ठेवत. ज्या माणसाने इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत हजारभर लोकांपुढे माईक हातात धरला, त्याला सफरचंदाचं नाव विचारायचं! मीनाक्षीला बघवत नसे. ती पटकन म्हणून टाकायची, "छत्री, छत्री म्हणताहेत ते."

"काकीमा," शर्मिष्ठा एकदा शांतपणे म्हणाली, "त्यांच्या वतीने बोलू नका. वाट बघा."

वाट बघणं मीनाक्षीला सगळ्यात कठीण गेलं. नवरा बोलत असे तेव्हा तिला बोलायला फट मिळत नव्हती, आणि आता सगळं घर तिच्याच आवाजाने भरलं होतं. स्वतःचा तो सारखा चालणारा, लाडीगोडी लावणारा आवाज ऐकून तिचीच तिला शिसारी यायला लागली.

नूपुरचा शनिवार मात्र ठरलेला होता. शाळेत असल्यापासून तिला जपानी ॲनिमेचं, म्हणजे तिकडच्या कार्टून मालिकांचं, वेड. त्या वर्षी एक नवी मालिका सुरू झाली होती, दर शनिवारी एक भाग. भाग संपला की ही फोनमध्ये बोलून आपलं मत रेकॉर्ड करायची आणि ऑफिसातल्या ऋषभला, आणखी दोघातिघांना पाठवायची. मग त्यांची मतं यायची आणि पुढचा शनिवार उगवेपर्यंत हे भांडण चालायचं. मीनाक्षीला यात काय एवढं बोलण्यासारखं आहे ते कधी समजलं नाही. अशाच एका शनिवारी संध्याकाळी नूपुरने लॅपटॉप हॉलमधल्या टीव्हीला जोडला. बाबा सोफ्यावर होते. एरवी कुणी आलं की ते उठून आत जात, त्या दिवशी बसून राहिले.

"अगं, त्यांना काय कळणार आहे त्यातलं?" मीनाक्षी स्वयंपाकघरातून हळूच म्हणाली. खाली इंग्रजीत येणाऱ्या ओळी आता त्यांना वाचता येत नाहीत, हे दोघींनाही ठाऊक होतं.

"आई, मला तरी कुठे जपानी कळतं? चेहरे बघायचा."

"चेहरे बघायचे."

"तेच ते."

मालिकेचं जपानी नाव मीनाक्षीच्या जिभेवर कधी चढलं नाही. घरात मालिकेचं नाव 'बोट' पडलं. एका बेटावरची चिहो नावाची मुलगी काकाची जुनी फेरीबोट चालवते. बोटीवर स्वयंपाकाला एक बिज्जू, म्हणजे एप्रन बांधलेला, सदा चिडलेला, अस्वलासारखा दिसणारा प्राणी. आणि पांढऱ्या सुटातला एक माणूस येऊन सांगतो की इथे पूल होणार, तुझी बोट भंगारात काढ. एवढीच गोष्ट. गुरुदत्त मात्र ती डोळे फाडून बघत. तिथे कुणी त्यांना प्रश्न विचारत नव्हतं, आणि समोरची भाषा घरात कुणालाच येत नव्हती.

पहिले काही शनिवार असेच गेले. मग एकदा मीनाक्षी मटार सोलत बसली होती. टीव्हीवर वादळाचा आवाज येत होता. चिहो बोट धक्क्याला लावून पळत सुटली, घाईत बांधायची राहिली, आणि बोट हळूहळू मागे सरकायला लागली.

"दोर!" हॉलमधून आवाज आला. "अगं दोर! दोर!"

मीनाक्षीच्या हातातलं ताट खाली पडलं आणि मटार घरभर झाले. ती धावत बाहेर आली तेव्हा गुरुदत्त अर्धे उभे राहिले होते, बोट टीव्हीकडे रोखलेलं. नूपुर त्यांच्याकडे बघत होती, तोंड उघडं.

"काय म्हणाले?"

"दोर म्हणाले. आई, दोर म्हणजे दोरी ना?"

मीनाक्षी मान डोलावून तिथेच खाली बसली आणि मटार गोळा करायला लागली.

शर्मिष्ठेला सांगितलं तेव्हा ती पत्ते पिशवीत भरत म्हणाली, "मग हे कशाला आणू मी? तेच बघू दे. राग आला, भीती वाटली की शब्द कधीकधी त्या झटक्यात बाहेर पडतो. तुम्ही दोघींनी टाळ्या वाजवू नका. बोलण्यासारखं काही झालंच नाही असं दाखवा."

तेव्हापासून शनिवारी घरात शिस्त आली. मीनाक्षी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून पदराने तोंड दाबून ऐके. पांढऱ्या सुटातला माणूस दिसला की "गाढव!" बिज्जूने सूप सांडलं की "मेला!" बोट दुरुस्त होऊन पाण्यात उतरली तेव्हा अख्खं "चला, सुटलो एकदाचे." त्यांच्या आवाजाने नूपुरचं रेकॉर्डिंगही भरायला लागलं, आणि भाग संपला की ऋषभचा पहिला प्रश्न यायचा, "काकू आज की बोल्लेन?" म्हणजे, काका आज काय म्हणाले? बंगालीत काकू म्हणजे काका. एकदा फोन स्पीकरवर होता. गुरुदत्तांनी मान वर केली, दाराकडे बघून मीनाक्षीकडे बोट दाखवलं आणि ठासून म्हणाले, "काकू ही!" नूपुर हसून हसून सोफ्यावरून घसरली.

आणखी एक झालं. नूपुरचं मराठी इथल्या मुलांसारखं, लिंग-वचनाचा पत्ता नसलेलं. "बाबा, ती जहाज बघ किती मोठी आहे," ती म्हणाली, आणि बाजूने ताबडतोब दुरुस्ती आली, "ते. ते जहाज. मोठं." मग ती मुद्दाम चुकायला लागली की काय कोण जाणे. चुकांना तिच्याकडे तोटा नव्हताच.

अशी गाडी रुळावर येत असतानाच तो शनिवार आला.

भाग सुरू झाला. मीनाक्षी दारात उभी. एक मिनिट गेलं, पाच गेली, गुरुदत्त गप्प. पांढरा सूट आला, गप्प. वादळ आलं, बोट मागे सरकली, तरी गप्प. त्यांनी हात मांडीवर ठेवले होते आणि चेहऱ्यावर काही म्हणजे काही नव्हतं. भाग संपल्यावर मीनाक्षी त्यांच्यापुढे बसली.

"अहो, काय झालं? बरं वाटत नाहीये का?"

उत्तर नाही. "बरं"सुद्धा नाही. ते भिंतीकडे बघत होते आणि ओठ किंचित हलत होते.

"हसून दाखवा बघू. दोन्ही हात वर करा." दवाखान्यातून निघताना तिला हे शिकवलं होतं. त्यांनी तिच्याकडे बघितलं, हात अर्धवट वर केले आणि झटकून खाली टाकले. उजवा जरा खाली राहिला की काय? तिला वाटलं राहिला. दुसरा झटका येऊ शकतो, पहिल्या वर्षात सांभाळा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"नूपुर, टॅक्सी बघ. आत्ता."

डायमंड हार्बर रोड शनिवारी संध्याकाळी असतो तसाच तुंबलेला. मेट्रोच्या खांबांखाली बस, ऑटो, सायकल व्हॅन यांचा गुंता. मागच्या सीटवर मीनाक्षीने त्यांचा हात धरला होता आणि ती बोलत होती, थांबतच नव्हती. काही होणार नाही, पोचलोच आपण, हे बघा आलंच. गुरुदत्तांनी डोळे मिटून घेतले होते. त्यांचे ओठ अजून हलत होते. मध्येच त्यांनी तिच्या हातातून हात सोडवून घेतला, आणि ती मनातून हबकली.

दवाखान्यात लगेच स्कॅन झाला. मग ड्यूटीवरचा तरुण डॉक्टर कागद हातात घेऊन आला. त्याने डोळ्यांत बॅटरी मारली, तळव्यावर पेनाने रेघ ओढली, बोटं दाबायला लावली. "नवीन काही दिसत नाही," तो नूपुरला म्हणाला. मग पलंगावर टेकून त्याने विचारलं, "काकू, की कोष्टो होच्छे?" काय त्रास होतोय?

गुरुदत्तांनी मोठा श्वास घेतला.

"शिळं," ते म्हणाले.

मीनाक्षीने डोळे मिटले. शब्द पुन्हा भरकटले, तिला वाटलं. दवाखान्यात शिळं कुठून आलं?

"काय शिळं, बाबा?" नूपुर पुढे वाकली. "शिळं म्हणजे?"

"आजचं," गुरुदत्त सावकाश म्हणाले, एकेक शब्द उचलून ठेवत. "आजचं... सगळं... शिळं. आधीचंच. तेच... तेच वाढलं."

"आई, शिळं म्हणजे काय?"

"शिळं म्हणजे... बाशी. कालचं अन्न."

नूपुरने दोन्ही हात डोक्याला लावले. "अरे देवा! आई, आजचा रीकॅप होता! मधे एक भाग असा देतात, जुनेच तुकडे जोडून. नवीन काहीच नव्हतं त्यात!" मग डॉक्टरकडे वळून तिने बंगालीत सगळं सांगितलं, की बाबा आजारी नाहीत, बाबा वैतागले आहेत. डॉक्टर आधी गंभीरपणे ऐकत होता, मग मान खाली घालून हसायला लागला. शेजारच्या पलंगावरच्या बाईला काहीच कळलं नव्हतं, तरी तीही हसली.

मीनाक्षी स्टुलावर बसली. तिला आठवलं, मंडळाच्या एका कार्यक्रमात हा माणूस माईकपुढे गप्प उभा राहिला होता, लोक चुळबुळ करायला लागले तरी, कारण गाणाऱ्या मुलीच्या आवाजाला 'गोड' म्हणायचं नव्हतं आणि हवा होता तो शब्द सापडत नव्हता. टॅक्सीत तो हरवलेला नव्हता. शोधत होता. 'जुनं' चाललं असतं, 'वाईट' चाललं असतं, पण त्याला शिळंच हवं होतं. आणि आपण बाजूला बसून सारखं बडबडत होतो, म्हणून त्याने हात सोडवून घेतला होता.

"सांगायचं नाही का तेव्हाच?" ती म्हणाली आणि रडायला लागली.

"येत... नव्हता," गुरुदत्त म्हणाले. मग तिच्या डोक्यावर हात ठेवला, उजवा.

पुढे बोलणं वाढत गेलं, पण वाटचाल सरळ झाली नाही. थकले की शब्द अजूनही पळतात. आकडे तर नीट आलेच नाहीत. सात म्हणायचं असतं आणि चार बाहेर पडतात. शर्मिष्ठा येते, पण पत्ते आणत नाही, मालिकेत काय झालं ते विचारते. चहाच्या टपरीवर ते पुन्हा जाऊन बसतात. तिथले लोक आधी अवघडले, आता सवयीने थांबतात.

मालिकेच्या शेवटच्या भागाला गुरुदत्तांनी सोफ्यावर हात थोपटला आणि दाराकडे बघून म्हणाले, "बस इथे." मीनाक्षीने हात पुसले आणि ती बसली. पूल बांधून झाला. चिहोने बोट विकायला नकार दिला आणि बिज्जूला घेऊन ती दुसऱ्या, दूरच्या बेटाकडे निघून गेली. नूपुर नाक पुसत होती.

"छान," गुरुदत्त म्हणाले. "बोट... सोडली नाही."

"छान काय त्यात?" मीनाक्षी म्हणाली. "पूल झाला ते चांगलंच झालं की. त्या बेटावरच्या म्हाताऱ्यांनी दवाखान्यात काय वादळातून जायचं? हिला आपली बोटीची हौस!"

"हौस नाही. ते... काम. तिचं काम."

"काम म्हणे! आणि गावाने काय करायचं?"

"गाव... गावाला आठवण..."

"आठवणीने कुणाचा ताप उतरत नाही!"

"तू... तू ऐकून घे आधी! पुलावर... पुलावर कोण बोलतं? सगळे... जातात. बोटीत बसावं लागतं. गप्पा... होतात!"

"गप्पा होतात म्हणून बोट हवी? तुमचं सगळं जग गप्पांवरच चालतं!"

त्यांचा आवाज चढला होता, तिचाही. समोरच्या गॅलरीतला शिंपी डोकावून बघत होता. नूपुर फोन हातात घेऊन एकदा आईकडे, एकदा बाबांकडे बघत राहिली. शब्दासाठी ते अडले तेव्हा मीनाक्षीने मदतही केली नाही आणि वाटही पाहिली नाही. सरळ आपलं म्हणणं पुढे रेटलं, ऐन भांडणात बायको रेटते तसं. आपण आज काहीच जपून बोललो नाही, हे तिच्या लक्षात आलं तेव्हा गुरुदत्त तिचं म्हणणं खोडून काढायला पुन्हा तोंड उघडत होते.