ठाकुर्लीच्या गच्चीवरचे ठसे

दगडात उरलेल्या ठशावरून तो उमटवणारा परत मिळवता येतो का, हा प्रश्न मी येथे घेतला आहे. विज्ञानशिक्षक म्हणून माझे उत्तर तयार होते. परंतु माझ्या मेहुण्यांना, म्हणजे पत्नीच्या थोरल्या भावाला, तयार उत्तरे पटत नाहीत. ठाणे ते कल्याण या टापूत इमारतीचा पाया खणला गेला आणि हे गृहस्थ त्यात डोकावले नाहीत, असे निवृत्तीनंतर एकदाही घडलेले नाही. कोठे डायनोसॉरचे अंडे सापडल्याची बातमी आली, की दुसऱ्या दिवशी स्वारी घोडबंदर रोडवर हजर. एकदा त्यांनी खड्ड्याच्या काठावरून सुपरवायझरला विचारले, "हाडबीड काही लागलं का?" तो म्हणाला, "काका, पाणी लागलंय. मोटर असेल तर बोला!"

आपल्याकडचा काळा दगड थिजलेल्या लाव्ह्याचा असून त्यात हाड टिकणे जवळजवळ अशक्य, हे मी त्यांना फळ्यावर आकृती काढून समजावले. त्यावर ते म्हणाले, "मास्तर, लाव्हा काय रोज येत होता? मधल्या सुट्टीत कोणीतरी मेलंच असेल की!" लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये कधी कधी गाळाचा थर सापडतो, त्यामुळे हे विधान पूर्णपणे चूक ठरवता येईना, याचे मला अजून वाईट वाटते.

तरुणपणी ते चौघांच्या एका रॉक बँडमध्ये ड्रम वाजवीत. आजही सत्यनारायणाला बसतात तेव्हा पांढऱ्या सदऱ्यातून आतल्या काळ्या टी-शर्टवरची कवटी तीर्थप्रसादाकडे पाहत असते. आमच्या घरची तूरडाळ संपली की हिला काळजी लागते आणि त्यांना आनंद होतो, कारण रिकामा डबा बडवला की खर्जात घुमतो. हल्लीच्या गाण्यांविषयी त्यांचे एकच मत आहे: "यात घाम नाही." त्यांचा घाम ठाकुर्लीच्या इमारतीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागे गळत असे. गच्चीला नवे सिमेंट केले त्या दिवशी चौघांनी ओल्यात पंजे उमटवले आणि सेक्रेटरींची बोलणी खाल्ली. पुढे दोघे दूरदेशी गेले. गिटार वाजवणारा मित्र दोन वर्षांपूर्वी वारला. त्या दिवसापासून आठवडाभर आमचे डबे गप्प होते.

यंदा ती इमारत पुनर्विकासात गेली. पाडकाम सोमवारी सुरू व्हायचे होते. शनिवारी मेहुणे आले ते थेट मुद्द्यावर. "मास्तर, डायनोसॉरच्या पाऊलखुणांचे साचे घेतात, तसे तुम्हाला येतात ना?"

"दादा, आता गच्चीवर डायनोसॉर?" हिने हसत विचारले.

"आम्हीच गं," ते म्हणाले.

रविवारी सकाळी आम्ही प्लास्टरच्या दोन पिशव्या घेऊन गच्चीवर गेलो. आधी तेल लावायचे, हे मी तीनदा बजावले होते. तरीही घाईत त्यांनी पहिली पिशवी आपल्याच पंजात तशीच ओतली. प्लास्टर चिकटले आणि काढताना त्याचे तुकडे झाले. आता एकाच ठशापुरते प्लास्टर उरले. मी विचारले, "पुन्हा तुमचाच घ्यायचा?"

"माझा हात आहे की माझ्याजवळ," म्हणत ते मित्राच्या पंजाशी गुडघे टेकून बसले आणि बोटाबोटाला खोबरेल लावू लागले.

खोलगट ठशात प्लास्टर ओतले की उंचवटा मिळतो. म्हणून अर्ध्या तासाने निघाला तो ठसा नव्हता, हात होता. "बघा, करंगळी वाकडीच होती त्याची," ते म्हणाले. मग त्यांनी तो हात दोन्ही हातांत धरला आणि दचकून माझ्याकडे पाहिले. "मास्तर, ऊब आहे हो!"

प्लास्टर घट्ट होताना उष्णता बाहेर पडते, हे मी तीस वर्षे वर्गात शिकवले. त्या दिवशी मात्र शिकवले नाही.

वाचकांनी माझ्यावर विसंबू नये. ओल्या मातीत आपल्या माणसाचा पंजा हलकेच दाबून घ्यावा. मातीला तेल लागत नाही. प्लास्टर ओतून अर्धा तास थांबावे, आणि मग तो हात हाती घेऊन स्वतःच पडताळून पाहावे.