भूलवाले आबा आणि म्हसवडची पोरगी

सांगली-साताऱ्यातल्या निम्म्या माणसांना आमच्या भूलवाल्या आबांनी एकदा तरी झोपवलेलं आहे आणि उरलेल्या निम्म्यांच्या माना त्यांनी बघून ठेवल्या आहेत. मी ऑपरेशनं करते, आबा भूल देतात. बेशुद्ध माणसाला श्वासासाठी घशातून नळी घालावी लागते, म्हणून जबडा, दात, मान बघणं हे त्यांचं कामच. पण आबा ते लग्नातही करतात. इस्लामपूरला एकदा अक्षता पडायच्या आत त्यांनी नवऱ्यामुलाला "आ करा बघू" म्हटलं आणि त्या गोंधळलेल्या जीवाने मुंडावळ्या बाजूला सारून आ केलासुद्धा. "लय झ्याक घसा!" आबांनी मांडवभर निकाल जाहीर केला. मुलीकडच्यांना उगाचच बरं वाटलं.

दुसरा छंद उलटतपासणीचा. ऑपरेशनआधी उपाशी राहायचं असतं आणि आमच्याकडे प्रत्येक पेशंटमागे एक मावशी असते, मावशीच्या पिशवीत डबा असतो. आबा पेशंटला काही विचारतच नाहीत. "आवं मावशी, पोहं बरं झालतं का?" "लय न्हाई दिलं, वाटीभरच," मावशी फसते आणि ऑपरेशन पुढे ढकललं जातं.

शिवाय केटामिन. हे जुनं भुलीचं औषध त्यांचं भारी लाडकं. वीज जावो, मशीन बंद पडो, आबांचा हात न बघता ट्रेमधल्या त्या बाटलीवर जायचा.

मग म्हसवडच्या मेंढपाळ घरातली एक मुलगी आली. सांगलीच्या विश्रामबागेत कॉलेजात शिकणारी, हुशार. आधी ती असंबद्ध बोलायला लागली, मग झटके, मग बोलणंच बंद. घरच्यांनी देवाचं सगळं केलं. शेवटी मेंदूच्या डॉक्टरांनी सांगितलं, की तिचं शरीर तिच्याच मेंदूवर उठलंय आणि त्याला चिथावतेय बीजकोशातली गाठ. गाठ काढली तरच पोरगी परत मिळण्याची आशा. पण मेंदूतल्या ज्या जागांवर हल्ला चालला होता, नेमक्या त्याच जागांवर केटामिन काम करतं. भुलीसाठी हुंगवतात त्या नायट्रस वायूचंही तेच. त्यात तिची नाडी आणि रक्तदाब आधीच मनाला येईल तसे वर-खाली होत होते.

आबांनी ढीगभर वाचलं, पुण्या-मुंबईच्या मित्रांना फोन करून छळलं. ऑपरेशनच्या सकाळी केटामिनच्या साऱ्या बाटल्या सिस्टरच्या हवाली केल्या. "कपाटात घाला. मी मागितली तर द्यायची न्हाई. लय वरडलो तरी न्हाई."

"असं का हो?"

"डोस्क्याला समजलंय, हाताला अजून न्हाई."

नायट्रसचा सिलिंडर स्वतः ढकलत त्यांनी व्हरांड्यात नेला. तिथे कुणा आजोबांनी त्यावर टोपी वाळत घातली.

ऑपरेशन अर्ध्यावर असताना तिचा रक्तदाब कोसळला. माझे हात थांबले. आबांचा हात ट्रेवर गेला, रिकामी जागा चाचपून आला. "सिस्टर, बाटली!" ते ओरडले.

"न्हाई," सिस्टर म्हणाल्या.

"शाब्बास!" म्हणत आबांनी दुसरं इंजेक्शन भरलं. दाब हळूहळू वर आला. गाठ निघाली.

पोरगी मात्र लगेच भानावर आली नाही. कित्येक आठवडे आबा रोज आयसीयूत तिच्या कानाशी पावसापाण्याच्या गप्पा मारत बसायचे. "डाक्टर, तिला ऐकू येतंय व्हय?" आई विचारायची. "यील की, कान हायतच," म्हणून आबा पुढे चालू. एका सकाळी उशीवरून अगदी बारीक आवाज आला, "गप बसा की जरा." आई रडली, मी रडले आणि आबा आयुष्यात पहिल्यांदा सांगितल्याबरोबर गप्प बसले.

पुढे ती तपासणीला आली ती चालत, हसत, कॉलेजच्या परीक्षेची तक्रार करत. दुखण्यातले ते महिने मात्र तिच्या आठवणीतून पार पुसले गेले होते. दारात आबांना बघून तिने आईला विचारलं, "हे कोण गं?"

"मी हितलाच, असाच आलतो," आबा घाईघाईने म्हणाले.

मला क्षणभर त्या पोरीचा रागच आला. ती गेल्यावर आबा म्हणाले, "आमचं काम असलंच, बाई. ज्याला आमी आठवलो, त्याला भूल कमी पडली म्हणायची." आणि मोठ्याने हसले. पण मायलेकींची रिक्षा वळणापलीकडे जाईपर्यंत ते दारातून हलले नाहीत.