व्याह्यांना बोटीतून नेलं त्या दिवशी

आधी हातातला चहा संपवा, मग सांगतो. नाही, खरंच संपवा! मागच्या वेळी हे ऐकताना आमच्या शेजाऱ्यांना ठसका लागला आणि माझा नवा शर्ट कामातून गेला.

गोंधळ सगळेच घालतात हो. पण आपल्याच मुलीचं ठरत आलेलं लग्न, स्वतः लाकूड कापून, स्क्रू पिळून, नदीत नेऊन बुडवायला निघालेला बाप तुम्ही कधी पाहिलाय? नसेल पाहिला तर नीट बघून घ्या. समोर बसलाय.

हुबळीत देशपांडे नगरात माझं चष्म्याचं दुकान. आमच्या तेजूनं तिच्या नोकरीतलाच एक मुलगा पसंत केला. प्रवीण. धारवाडचा, घर कानडी, माणसं सोन्यासारखी. दोनदा तेच आमच्याकडं येऊन गेले. आता फक्त सुपारी फोडायची राहिली होती.

अडचण एकच. मुलाचे वडील. नाव चन्नबसप्पा, सगळे त्यांना अण्णा म्हणतात. माणूस इतका मितभाषी की बोलणं कुठून सुरू करावं तेच कळेना. मी म्हटलं, "ऊन वाढलंय." ते म्हणाले, "हं." मग मीही "हं" केलं. संपलं!

ते गेल्यावर बायको म्हणाली, "असं काय हो? पुढं जन्मभर ह्यांच्याशी बोलायचंय तुम्हाला."

म्हणून मी तेजूला विचारलं, "अण्णांना आवड कशाची आहे गं?"

ती मोबाईलमधून मान वर न काढता म्हणाली, "माशांची, पप्पा. वेड आहे त्यांना माशांचं." आणि गेली आत.

बायको म्हणाली, "काहीतरीच! शुद्ध शाकाहारी घर आहे ते. त्यांच्याकडं अंड्याचं टरफलसुद्धा उंबरा ओलांडत नाही."

आणि तिथं, मंडळी, माझ्या डोक्यात उजेड पडला! बिचारा माणूस! घर शाकाहारी आणि वेड माशांचं! काय करत असेल तो? कुठंतरी लांब जाऊन, गळ टाकून, गुपचूप भाजून खात असणार! कुणाला सांगायची सोय नाही. आता एका पुरुषाचं दुःख दुसऱ्यानं नाही ओळखायचं तर कुणी?

मी मनात ठरवलं, अण्णांची हौस पुरवायची. आणि गुपित फोडायचं नाही. तेजूला नाही, बायकोला नाही, कुणालाच नाही. इथंच तर सगळं बिघडलं! कारण मी कुणाकडं नुसतं बोललो असतो तरी पुढचं रामायण टळलं असतं.

त्यात मला स्वतःचीही एक खाज होती. मोबाईलवर मी परदेशातल्या एका बोटीचे व्हिडिओ बघायचो. ड्रिफ्ट बोट म्हणतात तिला. लाकडाची बोट, बूड सपाट, बाजू बाहेर झुकलेल्या, दोन्ही टोकं करंजीसारखी वर उचललेली. इंजिन नाही, काही नाही. नदीच्या ओढीनं ती आपली वाहत जाते, एकजण वल्ह्यांनी सांभाळतो आणि बाकीचे आरामात गळ टाकून बसतात. म्हटलं, ह्याहून चांगला व्याह्याचा मान कोणता?

कमरीपेठेत आमचे जुने सुतार आहेत, इमामसाब. जन्मभर त्यांनी दारं, कपाटं आणि देव्हारे केलेले. त्यांना मी व्हिडिओ दाखवला. बराच वेळ बघून ते म्हणाले, "साहेब, ह्याला दार कुठं बसवायचं?"

पण माणूस हौशी! दुर्गदबैलच्या बाजारातून आम्ही वॉटरप्रूफ प्लायवूड आणलं. हातगाडीवर त्याच्या फळ्या वाकायला लागल्या तसे रस्त्यातले लोक विचारायला लागले, "मांडव कुणाकडं?" मी म्हटलं, "आमच्याकडंच." खोटं थोडंच होतं?

बाजू वाकवताना एक फळी सुटून इमामसाबांच्या छातीवर बसली. दुसरी माझ्या नाकावर. पण बोट झाली! काय दिसत होती म्हणून सांगू! फक्त एक भानगड. तिचं एक टोक निमुळतं होतं आणि एक टोक चपटं. पुढचं कुठलं आणि मागचं कुठलं, ते आम्हाला कळेना.

एका व्हिडिओत निमुळतं टोक पुढं. दुसऱ्यात एक दाढीवाला छातीठोकपणे सांगत होता, चपटं पुढं. तिसऱ्यात तर बोट आडवीच चालली होती.

इमामसाब म्हणाले, "साहेब, दाराला आतबाहेर असतं, कपाटाला पाठ असते. ह्याचं तोंड कुठलं?"

"नदीला कळेल," मी म्हटलं.

शेवटी त्यांनी दोन्ही टोकांना कड्या लावल्या. कुठूनही ओढा!

मग मी अण्णांना फोन केला. दार लावून, आवाज खाली आणून.

"अण्णा, रविवारी मलप्रभेवर जाऊ या. आपण दोघंच. तुमच्या आवडीचं आहे."

"कशाचं?"

"तेच हो," मी म्हटलं आणि डोळा मारला. फोनवर मारलेला डोळा पलीकडं दिसत नाही, हे फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं.

 मग अण्णा हळूच म्हणाले, "तुमच्यात असं नेतात काय?"

"नेतात म्हणजे? नेलंच पाहिजे!"

"हं," अण्णा म्हणाले.

रविवारी सकाळी टेम्पोत बोट घालून आम्ही निघालो. पाऊसकाळ सरलेला, नदीला पाणी बेताचं, ओढ जेमतेम. बेत असा की आम्ही वरच्या अंगाला बोट सोडायची आणि इमामसाबांनी टेम्पो घेऊन खाली पुलाजवळ थांबायचं.

अण्णा इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यात आले होते. खांद्यावर शाल! मासे धरायला शाल? मी म्हटलं, संशय नको म्हणून घरातून असेच निघाले असतील. कपाळाला हात लावून त्यांनी नदीला नमस्कार केला, बोटीला नमस्कार केला, मला नमस्कार केला आणि डोळे मिटून आत बसले.

मी वल्ह्यांवर बसलो. आपल्याकडं नावाडी बसतो तसा, जायच्या दिशेला पाठ करून. आता ऐका. ह्या बोटीत जायच्या दिशेला तोंड करून बसायचं असतं आणि वल्ही ओढून तिला मागं धरायचं असतं. मी बसलो उलटा! म्हणजे थांबवायला म्हणून मी वल्ही ओढावीत, तर ती आणखी जोरात सुटायची! घाबरून मी आणखी जोर लावायचो. ती आणखी पळायची.

"निवांत जाते म्हणाला होतात," अण्णा दोन्ही हातांनी फळी धरून म्हणाले.

"हे निवांतच आहे!" मी ओरडलो.

शेवटी दमून मी वल्ही सोडली, तशी बोट आपोआप हळू झाली. अण्णांनी पिशवीतून चुरमुरे काढले आणि मूठमूठ पाण्यात टाकायला लागले. मी मनात म्हटलं, वा! आमिष टाकतोय! मुरलेला गडी आहे! मी हळूच गळ सोडला आणि विषय काढला.

"अण्णा, घरात कुणाला कळत नाही ना?"

"काय?"

"माशांचं हो."

"कळतंय की. हॉलमध्येच असतात."

हॉलमध्ये! मी चाटच पडलो. "आणि वहिनी काही म्हणत नाहीत?"

"ती सकाळी बघती, मी संध्याकाळी."

वहिनीसुद्धा! आणि आम्ही त्यांना गेल्या वेळी कांदा चालतो का म्हणून विचारत होतो!

"सगळ्यात मोठा केवढा आहे?"

अण्णांनी पहिल्यांदाच खुलून बोटाचं एक पेर दाखवलं. "इतका!"

"इतकाच? त्यानं पोट कसं भरतं?"

"थोडंच लागतंय हो त्यांना. जास्त दिलं तर मरतात."

मरतात? कोण मरतात? मी पुढं विचारलंच नाही. म्हटलं, हे घराणं वाटतं त्यापेक्षा खोल आहे.

तेवढ्यात बोट वाळूवर चढून थांबली आणि त्याच क्षणी गळाला हिसका बसला. काय हिसका तो! मी ओढतोय, काठी वाकतेय, आणि खाडकन हातभर लांबीचा मासा बोटीत येऊन पडला. पडताना गळातून सुटलासुद्धा.

मी तो दोन्ही हातांनी उचलून धरला. "घ्या अण्णा! तुमच्यासाठी!"

अण्णांचा चेहरा त्यांच्या सदऱ्यापेक्षा पांढरा झाला. "अय्यो! बिडरी! बिडरी!" म्हणजे सोडा, सोडा. मला वाटलं, मला म्हणतायत, तुम्ही सोडा, मी धरतो. मी सोडला. त्यांनी शाल टाकून मासा कवटाळला आणि थेट पाण्यात उडी! पाणी गुडघाभरच. पुढं काठाजवळ एक खोल डोह होता, त्याच्या रोखानं ते मासा छातीशी धरून पळत सुटले.

आता व्याही पळाला तर मी काय बोटीत बसून राहू? मीही उतरलो. दोघंही उतरल्यावर बोट हलकी झाली, वाळूवरून सुटली आणि निघाली एकटीच पुलाकडं!

इतके महिने मी तिला बोटच म्हणत होतो. हुबळीत कोण होडी म्हणतंय? पण माणूस घाबरला की त्याच्या तोंडून आजोळचा शब्द येतो. मी दोन्ही हात वर करून बोंबललो, "होडी! होडी! अहो, होडी!"

डोहाजवळ एकजण म्हशी धूत होता. कानडी माणूस. तुमच्यातल्या ज्यांना कानडी येतं ते आत्ताच हसायला लागलेत. बाकीच्यांना सांगतो, कानडीत 'होडि' म्हणजे मार!

त्या बिचाऱ्यानं काय पाहिलं? एक माणूस मासा घेऊन पळतोय आणि मागून दुसरा ओरडतोय, मार! मार! त्यानं म्हशी हाकायची काठी उचलली आणि अण्णांच्या पाठीत घातली. मासा सुटला, डोहात गेला. अण्णा बसले चिखलात.

मी धावत गेलो. "अण्णा! मी तुम्हाला होडी म्हणालो नाही हो!"

तो शब्द ऐकताच त्या माणसानं पुन्हा काठी उगारली.

"अरे थांब! मी होडीला होडी म्हणालो!"

काठी आणखी वर गेली.

"बीगरे," अण्णा दोन्ही हातांनी डोकं झाकून म्हणाले. बीगरे म्हणजे कानडीत व्याही. "बीगरे, पाया पडतो, आता तो शब्द काढू नका!"

मी त्या माणसाला कानडीत समजावायला गेलो तर तो माझ्यावरच उखडला. "नीवे अंदरल्ला!" म्हणजे, तुम्हीच म्हणालात ना! साक्षीला त्याच्या म्हशी माझ्याकडं बघत होत्या.

अण्णांना उठवून दगडावर बसवलं. पाठीवर वळ उठला होता. मी रडकुंडीला आलो. "अण्णा, तुम्हाला माशांचं वेड ना? म्हणून तर मी..."

"आहे की," अण्णा म्हणाले. "हॉलमध्ये काचेची पेटी आहे. अकरा मासे. सगळ्यांना नावं ठेवलीत."

काचेची पेटी! डोळ्यांसमोर तेजू, मांडव, सुपारी, सगळं बोटीमागोमाग वाहून चाललेलं दिसायला लागलं. ज्या माणसानं माशांची बारशी केलीत त्याच्यासमोर मी गळ टाकला होता! वर मार!

 मग अण्णा अगदी अजिजीनं म्हणाले, "बीगरे, एक विचारू? रागावू नका. मला पोहता येत नाही. रात्रभर झोपलो नाही. पण घरात ती म्हणाली, मराठी लोकांत लग्नाआधी व्याह्याला नदीवर न्यायची पद्धत दिसती, काही झालं तरी नको म्हणायचं नाही. म्हणून आलो." त्यांनी पाठ चोळली. "तर हे मारणं... हे पण पद्धतीतच आलं काय?"

आता तुम्हीच सांगा, माझ्या जागी तुम्ही काय म्हणाला असता?

"हो," मी म्हटलं. "त्यातलंच आहे ते. मुख्य तेच."

अण्णांचा चेहरा एकदम उजळला. मनावरचा दगड उतरला हो त्यांच्या! राग नव्हता, अपमान नव्हता, सगळं रीतीप्रमाणं झालं होतं. ते उठले, शांतपणे त्या म्हशीवाल्याच्या हातातली काठी घेतली आणि माझ्याकडं वळून म्हणाले, "मग मुलाकडच्यांनी मुलीकडच्यांना कधी मारायचं? आत्ताच की लग्नात?"

लग्नात चारशे माणसं येणार होती. मी म्हटलं, "आत्ताच."

आणि पाठ केली.

काय हात आहे हो त्या माणसाचा! शाकाहारी, मितभाषी, चुरमुरे टाकणारा! पण त्यानंतर अण्णा जे मोकळे झाले ते पुलापर्यंत बोलत होते. तिथं इमामसाबांनी बोट अडवून ठेवली होती, निमुळतं टोक पुढं करून आली म्हणाले. सुपारी फुटली, लग्नाची तारीख धरली, घरात आनंदीआनंद. माझ्या पाठीचं मी बायकोला जिन्यावरून पडलो म्हणून सांगितलं.

सगळं मिटलं असं वाटत होतं. लग्नाला आठवडा राहिला आणि सकाळीच दुकानाच्या दारात एक गाडी थांबली. पुढून अण्णा उतरले, मागून त्यांच्यासारखाच पण दुप्पट रुंदीचा एक माणूस.

"बीगरे, हे आमचे थोरले बंधू. गदगहून आलेत. घरातले मोठे, त्यांचा मान आधी व्हायला पाहिजे होता. त्यांची नदी राहिली."

थोरले बंधू हसून पुढं आले. येताना त्यांनी स्वतःची काठी आणली होती.